जबड्यातला खड्डा अन् लाल लाईट

वच्छलानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या तोंडात ऊन पाडणं.

वांग्याच्या वाफ्याजवळ मी पालथ्या बादलीवर बसायचो, सूर्याकडे पाठ करून. ती समोर उभी राहून स्टीलची ताटली अशी तिरपी धरायची की उन्हाचा कवडसा माझ्या उघड्या तोंडात, उजव्या अंगाला, खालच्या जबड्यावर पडला पाहिजे. कवडसा कधी नाकावर जाई, कधी डोळ्यात. मी डोळे मिटले की ती म्हणे, "हालू नका जी. आता बरोबर भोकात गेला." रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. शेजारच्या वावरातल्या बाईनं एकदा विचारलंच, बुढ्याले काय झालं म्हणून. वच्छला म्हणाली, "काई नाई वं. आतून वाळू घालून राह्यली."

त्या दिवशीही तसंच केलं. मग तिनं ताटली पदराला पुसली, त्यातच मला कुसकरलेला भात-वरण दिलं, आणि मेथी उपटायला गेली.

तिचं पुढे सांगतो. आधी जबड्याचं सांगतो, कारण लिहायला बसलो ते त्याच्यासाठी. माझं शिक्षण चवथीपर्यंत. लिहिण्याची सवय नाही. पण दवाखान्यात बाकावर बसलो असताना माझ्यासारखेच सुजल्या गालाचे लोक दिसायचे, त्यांची बायकामाणसं दिसायची, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच भीती. त्यांच्यासाठी हे. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, वाचताना जिवाला घोर नको. माझा खड्डा भरला. आता मी ज्वारीची भाकर खातो, यंदा हरभऱ्याचा हुळाही खाल्ला, शेतातच भाजून, हात काळे करून.

गाल सुजला

आमचं घर पवनारजवळ, धाम नदीच्या काठाला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कांद्याची पात लावतो आणि वर्ध्याच्या गुजरीत, भाजीबाजारात, नेऊन विकतो. विकायचं काम वच्छलाचं. माझी जीभ तिखट, गिऱ्हाईक पळून जातं, असं ती म्हणायची. खरंच होतं ते.

उजवा गाल सुजला तेव्हा मी दाढ दुखते असं समजलो. लवंग धरली. गरम मिठाच्या पाण्यानं चूळ भरली. दुखणं कमी व्हायचं, सूज जायची नाही. आतून हाड फुगल्यासारखं लागे. एक दिवस दाबलं त हाड दबलं, पातळ डब्याचं झाकण दबतं तसं. तेव्हा मी घाबरलो. पण बोललो नाही. मी झोपेत असताना वच्छलानं माझा गाल चाचपून पाहिला आणि सकाळी गुजरीत जायच्या ऐवजी मला घेऊन दातांच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथं पूर्ण जबड्याचा फोटो काढतात. मशीन तोंडाभोवती फिरते. फोटोत माझे दात पांढरे दिसत होते आणि उजव्या बाजूला, दाढांच्या मुळाशी, एक काळा गोल होता. लिंबाएवढा. डॉक्टरबाई तरुण होती, लातूरकडची, अजून मोठं शिक्षण चालू असलेली. तिनं सांगितलं की हाडात पोकळी झाली आहे, आत गाठ आहे, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

तिथं सगळेच हळू आवाजात बोलतात, तसा मीही हळू झालो होतो. वच्छलानं मात्र गुजरीतल्या आवाजात विचारलं, "कॅन्सर हाय का, बाई?"

सगळा बाक वळून पाहायला लागला. डॉक्टरबाई म्हणाली, "बहुतेक नाही आजी. पण तपासल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही."

तुम्हाला सांगतो, असं विचारून टाकावं. तो शब्द पोटात ठेवला की तो आतल्या आत फुगतो. मोठ्यानं विचारला की निदान त्याला उत्तर मिळतं.

मधले दिवस

तपासणीचं उत्तर यायला वेळ लागला. ते दिवस सगळ्यात वाईट. ऑपरेशन त्याच्यापुढे काहीच नाही. वांग्याला पाणी देत असताना मनात यायचं, ही वांगी मी खाईन का. प्रमोद, माझा पोरगा, फोनवर जबड्याचे फोटो पाहत बसायचा, आणि पाहून झालं की माझ्याकडे पाहायचा. मी त्याला म्हटलं, एक त तो फोन पाह्य नाईतर मले पाह्य.

घरात भांडणंही झाली. प्रमोदचं म्हणणं, नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे जाऊ, इथं शिकणारे पोरं हात साफ करून घेतात. वच्छलाचं म्हणणं, जिनं मला तोंडावर खरं सांगितलं तिच्याच हातून होऊ दे. सून सुनीता दोघांच्या मधात. ती बिचारी बोलायची नाही, भांडी जोरात ठेवायची. मी कोणाच्याच बाजूनं नव्हतो. मला फक्त कोणी विचारावं असं वाटत होतं, आणि विचारलं असतं त मी चिडलो असतो. आजारी माणूस असाच असतो. घरच्यांनी ते मनावर घेऊ नये.

उत्तर आलं. कॅन्सर नाही. साधी पाण्याची गाठ, पण हाड पोखरणारी. बाहेर आल्यावर वच्छलानं टपरीवर तर्री-पोहे मागवले. मला चावता येत नव्हतं. तिनं माझ्यासमोर उभं राहून प्लेट खाल्ली, मग दुसरी मागवली. मी म्हटलं, काय वं, लाज वाटते का? म्हणाली, "तुमच्या वाटचे मीच खाते. इतके दिवस घशाखाली काई गेलं नाई माह्या."

तेव्हा मला कळलं की ती गुजरीत रोजच्यासारखी भाव करत होती ते कसं करत होती.

दाढ कॉलेजात गेली

गाठ काढायची त तिच्या आड येणारी अक्कलदाढ काढावी लागणार होती. दाढ चांगली होती. डॉक्टरबाईनं ऑपरेशनच्या आधी आम्हा दोघांना बसवून विचारलं, ती दाढ आम्हाला अभ्यासाला द्याल का? नाही म्हटलं तरी तुमच्या उपचारात काही कमी होणार नाही, असंही सांगितलं.

दाढेचा काय अभ्यास, असं मी विचारलं. तिनं सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. दाताच्या आत मऊ गर असतो. त्या गरात काही पेशी अशा असतात की त्यांचं अजून काही ठरलेलं नसतं. त्यांना वाढवलं त त्यातून हाड होऊ शकतं, नस होऊ शकते, दाताचाच भाग होऊ शकतो.

वच्छला म्हणाली, "आमच्या प्रमोदसारख्या. त्याचंई अजून काई ठरलं नाई."

डॉक्टरबाई हसली. मग म्हणाली की अशा पेशी बशीत ठेवून त्यांच्यावर लाल लाईट टाकला त त्या जास्त जोमानं वाढतात का, हे ती पाहत आहे. तरण्या माणसांच्या दातात त्या भरपूर असतात. म्हाताऱ्यांच्या कमी. म्हणूनच तिला म्हाताऱ्यांचे दात पाहिजे होते, की लाईटनं त्यांना जाग येते का. आणि तिनं साफ सांगितलं, "आजोबा, त्या पेशी तुमच्या जबड्यात घालणार नाही. ते अजून लांब आहे. तुमच्या जखमेवर आम्ही नुसता लाईट देऊ. त्यानं दुखणं कमी होतं, जखम भरायला मदत होते. खात्री देत नाही."

मला दाढ द्यायची नव्हती. आमच्यात लेकराचा पडलेला दात छपरावर फेकतात, तो कुठं गेला ते माहीत असतं. आपल्या अंगाचा तुकडा कोणाच्या कपाटात पडून राहणार, आणि आपण जळून गेल्यावरही तो तिथंच, हे मला बरं वाटलं नाही. मी तसं बोललो.

वच्छला म्हणाली, "तुमी चवथीतून पयाले. दाढ तरी कॉलेजात जाऊ द्या."

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? दिली.

पट्टी, काड्या आणि लाईट

ऑपरेशनचं मला आठवत नाही. झोपवतात. उठलो तेव्हा जबडा दुसऱ्याचा असल्यासारखा. खड्ड्यात औषधाची पट्टी कोंबली होती, आणि ती बदलायला पुन्हा पुन्हा जावं लागे. पट्टी काढताना वास येतो. आपल्याच तोंडाचा असला वास आला की माणूस खचतो. खचू नका. तो जखमेचा वास आहे, तुमचा नाही. वच्छला तेव्हाही माझ्या तोंडाशी तोंड नेऊन आत पाहायची आणि सांगायची, कालच्यापेक्षा लाल हाय, किंवा आज जरा पिवळं दिसून राह्यलं. डॉक्टरबाई तिलाच विचारायची.

तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. त्यासाठी आइसक्रीमच्या काड्या देतात. दातांच्या मधात एकावर एक ठेवायच्या आणि रोज एखादी वाढवायची. डोळ्यात पाणी येतं. पण करा. मी टाळायचो, वच्छला काड्या घेऊन मागे फिरायची. सगळी वस्ती हसायची, पण मी काय धावू शकत होतो?

डॉक्टरबाईची भीती एवढीच होती की खड्ड्याच्या खाली हाड पातळ राहिलं होतं. ते भरलं नाही त एखाद्या कडक घासाला जबडा तडकेल. मग धातूची पट्टी-स्क्रू, मोठं ऑपरेशन, कदाचित दुसरीकडचं हाड काढून बसवणं. म्हणून तिनं सांगितलं, एक दिवसाआड लाईटला या आणि मधे खंड पाडू नका.

लाईटचं सांगतो, कारण त्याचं नाव ऐकून लोक भितात. शेजारच्या बाकावरचा एक माणूस पळून गेला होता. त्याला वाटलं, कॅन्सरवाल्याला देतात तो शेक आहे. तो नाही. पेनासारखी नळी असते, तिच्या टोकाला लाल उजेड. तुम्हाला काळा चष्मा घालतात, डॉक्टरही घालतात. जखमेवर थोडा वेळ धरतात, मग जरा बाजूला. भाजत नाही, टोचत नाही, गरमही लागत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, काही केलंच नाही, मला येडा बनवून राह्यले. पण त्या दिवशी मी दुखण्याची गोळी न घेता झोपलो. लाईटनं झोपलो का थकव्यानं, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाईलाही नाही. तिनं तसं कबूलही केलं. मला ती त्यासाठीच आवडायची.

ताटलीची आयडिया

ही वच्छलाची. ती म्हणाली, दवाखान्यात एवढासा उजेड देते, आन इथी सूर्य दिवसभर फुकट जाते. लाल पाहिजे ना? सकायचा सूर्य लालच असते. मला पटलं. खरं सांगतो, आम्हा दोघांनाही ते शंभर टक्के पटलं. आम्ही जन्मभर उन्हावर पिकं काढली. उन्हानं काही बिघडतं असं कधी पाहिलं नव्हतं.

ओठ सोलले तेव्हा डॉक्टरबाईनं विचारलं. मी सांगून टाकलं. ती इतकी हसली की तिला तोंडावरचा मास्क काढून पाणी प्यावं लागलं. मग तिनं समजावलं. तिच्या नळीतला उजेड एकाच जातीचा आणि मोजून दिलेला असतो. उन्हात शंभर जातीचे उजेड असतात, जखम भरणारा त्यात असलाच तरी तो हाती लागत नाही, नुसता ओठ भाजतो. आणि जास्त म्हणजे चांगलं असं नाही. बशीतल्या पेशींना मापात उजेड दिला त त्या वाढतात, जास्त दिला त थांबतात, आणखी दिला त मरतात.

वच्छला त्या दिवशी गुजरीत गेली होती; मी घरी येऊन तिला सांगितलं. म्हटलं, वांग्याच्या रोपाले पाणी जास्त झालं की कसं सडते, तसंच. ती म्हणाली, "बाईले काय मालूम. तिच्या घरी वावर हाय का?" ओठांना तूप लावलं आणि ताटली घेऊन पुन्हा उभी राहिली. मीही बसलो. का बसलो? सकाळी सकाळी बायको आपल्या तोंडात एवढ्या लक्ष देऊन पाहते, हे कोणाला नको असतं? लग्नाला इतकी वर्षं झाली, कामाच्या मागे आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही मात्र करू नका. ओठ खरंच सोलतात.

हळू आहेत

हे नंतरचं आहे, पण इथंच सांगतो, नाहीतर राहून जाईल. खड्डा भरत आल्यावर डॉक्टरबाईनं मला तिच्या अभ्यासाच्या खोलीत नेलं. पायताण बाहेर काढायला लावलं, देवळासारखं. उबेचं एक कपाट होतं, त्यातून तिनं चपटी बशी काढून दुर्बिणीखाली ठेवली आणि मला पाहायला सांगितलं.

आधी काही दिसलं नाही, माझीच पापणी दिसत होती. मग दिसलं. पाण्यात बारीक, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं काहीतरी. ज्वारीच्या कोंड्यासारखं. एकमेकांना टेकून पडलेलं.

मी विचारलं, माहे हाय का हे? हो म्हणाली. लाईट दिलेल्या बशीतले. मी विचारलं, जिते हाय का? तेही हो. तरण्या पोरांच्या बशीशी बरोबरी होते का, असंही विचारलं.

"तुमचे हळू आहेत, आजोबा. पण आहेत."

मी खूप वेळ पाहत राहिलो. तिनं घाई केली नाही.

माझं हाड कशानं भरलं, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. लाईटनं, काळानं, पट्टीनं, की मूग शिजवून गाळून देणाऱ्या बायकोनं. सगळ्यांचं थोडं थोडं असेल. नवीन फोटोत तो काळा गोल धुरकट पांढरा झाला आहे.

ती गेली तो दिवस

मेथीच्या वाफ्यात ती उकिडवी बसून जुड्या बांधत होती. मी पलीकडे पात कापत होतो. ती कोणाशी तरी बोलते असं वाटलं, म्हणून वळून पाहिलं. ती आडवी झाली होती, जुडी हातातच. दवाखान्यात नेलं. तिथं म्हणाले, हृदय बंद पडलं, इथं यायच्या आधीच. तिला कधी सर्दीच्या पलीकडे काही झालं नव्हतं. आजारी मी होतो.

दिवस मावळायच्या आत धामेच्या काठावर सगळं आटोपलं. प्रमोदनं अग्नी दिला. मला मोठ्यानं रडता आलं नाही. तोंड दोन बोटं उघडत असेल त हंबरडा बाहेर येत नाही, जबड्यातच अडकतो आणि टाके ओढले जातात. बायका आपसात म्हणाल्या, बुढ्याचं काळीज दगडाचं हाय. ऐकलं मी. परतताना सगळ्यांनी कडुलिंबाचा पाला चावला. मी डाव्या बाजूनं चावला.

आमच्यात त्या दिवशी घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे आणून वाढतात. भाकरी आल्या, कोरडा झुणका आला, मिरच्या आल्या. कोणाची चूक नाही, दुःखाच्या घरी जे आणतात ते त्यांनी आणलं. छपरीत सगळे जेवायला बसले. माझ्यासमोरही ताट आलं. मी भाकरीकडे पाहत बसलो. सकाळच्या वरण-भातानंतर पोटात काही नव्हतं, पोट आवाज करत होतं. याला चावता येत नाही, हे ज्या एका माणसाच्या रोज ध्यानात राहायचं, ते राहिलं नव्हतं.

सुनीताच्या ध्यानात आलं. ती उठली, कोणाच्या तरी घरून ताक आणलं आणि माझी भाकर त्यात कुस्करायला लागली.

नामदेवदादा, माझा मोठा भाऊ, समोर बसला होता. त्याची बायको चार वर्षांआधी गेली, आणि त्यानं सगळे नियम पाळले होते. तेरवीपर्यंत उंबरठा ओलांडला नव्हता. मी प्रमोदला म्हणत होतो, उद्या लाईटचा दिवस आहे, सकाळची बस पाहावी लागेल. दादानं ते ऐकलं.

"उद्या कुठी जाचं नाई," तो म्हणाला. "सुतक हाय. वच्छलाची राख गरम हाय आन तू दवाखान्यात जाऊन तोंडात लाईट मारून घेशील? लोक थुंकतीन."

प्रमोद म्हणाला की काका, खंड पाडू नका म्हणून डॉक्टरनं सांगितलं आहे. पण हळूच म्हणाला. त्याच्या अंगावर पांढरं धोतर होतं, डोकं भादरलेलं. त्याच्या जिवात भांडायला काही उरलं नव्हतं.

दादा माझ्याकडेच पाहत होता. त्याचा आवाज खाली आला. तो रागानं बोलत नव्हता, हे मी सांगतो. जे त्यानं स्वतःला विचारलं असेल तेच त्यानं मला विचारलं.

"आन आता कोणासाठी नीट करतं रे तो जबडा? भाकर थापणारी त गेली."

सगळे जेवायचे थांबले. वच्छलाची इच्छा होती असं म्हणता आलं असतं, सगळे गप्प झाले असते. पण ते खोटं झालं असतं. तिची इच्छा मी विचारली नव्हती, ती मरणार हेच कोणाला माहीत नव्हतं. सुनीतानं ताकात कुस्करलेल्या भाकरीची वाटी माझ्या हातात दिली. मी एक घोट घेतला.

"मले भूक लागते, दादा," मी म्हटलं.

दादानं आपल्या ताटातली भाकर खाली ठेवली, सुनीताकडे हात केला आणि म्हणाला, मलेई जरा ताक दे वं पोरी, कोरडं उतरून नाई राह्यलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

आंघोळ केली. दादा छपरीत जागाच होता. त्यानं जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही, पाय आखडून वाट दिली.

बसमध्ये जागा होती. बसलो नाही. माझ्या सुतकानं कोणी विटाळू नये म्हणून दांडा धरून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, बाबा, बसा ना. मी म्हटलं, राहू दे. दवाखान्यात शिवण्याचाच प्रश्न होता, पण डॉक्टरबाईच्या हातात रबरी मोजे असतात, तेव्हा तिला लागत नाही, असा मी मनाशी निवाडा केला. शास्त्रात काय आहे ते शास्त्र जाणे.

बाकावर नेहमीचे लोक होते. माझ्या बाजूची जागा रिकामी राहिली. नाव पुकारलं, आत गेलो, खुर्चीवर बसलो. डॉक्टरबाईनं मोजे चढवले, खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"आज आजी कुठे राहिल्या?"

"आदी लाईट द्या, बाई," मी म्हटलं. "मंग सांगतो."

मग तिनं काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर बसवला. मी तोंड उघडलं.